जीभ आणि भाषा : एका शब्दाच्या आधाराने स्लाव्हिक भाषांत शिरताना

रशियन भाषेच्या पहिल्या दोन-चार धड्यांतच 'यिझिक' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ भाषा, असे शिक्षक सांगतात. पुढे शरीराच्या अवयवांचा धडा आला की तोच शब्द जीभ या अर्थाने पुन्हा समोर येतो आणि विद्यार्थी दोन्ही अर्थ वहीत टिपून मोकळा होतो. इथवर काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे, हाच विद्यार्थी युक्रेनियन, पोलिश किंवा सर्बियन भाषेकडे वळतो आणि रशियनमध्ये बसलेले गणित तिथेही तसेच बसेल असे धरून चालतो तेव्हा. स्लाव्हिक भाषा सख्ख्या बहिणी असल्या तरी जीभ आणि भाषा यांची व्यवस्था प्रत्येकीने आपापल्या रीतीने लावली आहे. कुणी दोघींना एकाच शब्दात नांदवले, कुणी भाषेला वेगळी चूल मांडून दिली. त्यामुळे या कुळातली कोणतीही नवी भाषा हाती घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की इथे जिभेला आणि भाषेला शब्द एकच आहे की दोन.

सुरुवातीला एक मोठा आडवा कागद घ्यावा. डावीकडे भाषांची नावे लिहावीत आणि त्यापुढे पाच रकाने आखावेत : जीभ, भाषा, बोलणे, शब्द आणि वस्तू. शेवटचा रकाना इथे विचित्र वाटेल, पण त्याचे कारण चौथ्या पायरीवर कळेल. खाली दिलेले देवनागरी उच्चार जवळपासचे आहेत. कानाने ऐकून ते दुरुस्त करून घ्यावेत.

पहिली पायरी : नाते ओळखणे

सर्व स्लाव्हिक भाषांतला हा शब्द एकाच जुन्या शब्दातून आला आहे. भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्रचना करून मांडलेले त्याचे रूप साधारण 'येंझिकु' असे आहे. इ.स. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे बंधू धर्मप्रसारासाठी आजच्या चेक-स्लोव्हाक प्रदेशातल्या मोराव्हियाला गेले आणि त्यांनी ज्या जुन्या स्लाव्हिक भाषेत धर्मग्रंथ उतरवले, तिच्यातही तो अनुनासिक स्वरासह आढळतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा शब्द आपल्या 'जीभ'चा चुलत भाऊ आहे. संस्कृत 'जिह्वा', त्यावरून प्राकृत 'जिब्भा' आणि त्यावरून मराठी 'जीभ', अशी आपली वाट आहे. स्लाव्हिक शब्दाने आरंभीचे व्यंजन गमावले आणि शेवटी 'क'चा प्रत्यय घेतला. ही दोन रूपे समोरासमोर ठेवली तर नाते पटायला जड जाते, पण संस्कृतमधला 'ह' आणि स्लाव्हिकमधला 'झ' यांची जोडी इतरत्रही दिसते. आपल्या 'हिम'ला तिकडे 'झिमा', म्हणजे हिवाळा, हा शब्द जुळतो. 'वह्' या धातूला, म्हणजे वाहून नेण्याला, रशियनमधला 'विझ्ति' जुळतो. 'जिह्वा'मधला 'ह' आणि 'यिझिक'मधला 'झ' याच हिशेबाने एकमेकांसमोर येतात. आरंभीचे व्यंजन मात्र प्रत्येक शाखेत वेगवेगळे वागले. लॅटिनमध्ये जुने 'दिंगुआ' बदलून 'लिंगुआ' झाले, तर लिथुएनियनमध्ये 'चाटणे' या क्रियापदाच्या ओढीने त्या जागी 'ल' आला.

मराठीत याच मूळ शब्दाची दुसरी एक नात फारसीमार्गे येऊन राहिली आहे, ती म्हणजे 'जबान'. 'जीभ' तोंडातच राहिली, पण 'जबान' बोलण्याकडे गेली आणि 'जबानी' थेट पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पोचली. जीभ या अवयवावरून बोलण्याचा अर्थ निघतो तो कसा, हे समजायला आपल्याला मॉस्कोपर्यंत जावे लागत नाही.

दुसरी पायरी : उच्चार बसवणे

या पायरीवर थोडा जास्त वेळ घालवावा, कारण मराठी माणसाची एक चूक इथे ठरलेली असते आणि एक सोय इथे आयती मिळते.

चूक 'झ'ची. मराठीत 'माझा' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मुळाशी जाते. 'माझी' म्हणताना तीच जीभ टाळूकडे सरकते. 'इ', 'ई' आली की 'झ' तालव्य होतो, ही सवय आपल्या तोंडात इतकी मुरलेली आहे की 'येझिक' असे लिहिलेले दिसताच आपण 'माझी'मधला 'झी' उच्चारतो. स्लाव्हिक भाषांत इथे 'माझा'मधला 'झ' हवा आणि त्याच्यापुढे 'इ' हवी. सरावासाठी 'माझा' असे चार-पाच वेळा म्हणावे, 'झा'वर थांबावे, जीभ तिथेच ठेवून नुसता स्वर बदलावा. सुरुवातीला तोंड विरोध करते. दोन दिवसांत ऐकू लागते.

त्यानंतरचा स्वरही सर्वत्र सारखा नाही. रशियन, बेलारूसी आणि पोलिशमध्ये तो आपली 'इ' नसून जीभ मागे ओढून काढलेला, 'इ' आणि 'उ' यांच्या मधला वाटणारा स्वर आहे. ओठ मात्र गोल करायचे नाहीत. चेक आणि स्लोव्हाकमध्ये लिहिताना वेगळे अक्षर वापरले जाते, पण उच्चार साध्या 'इ'चाच होतो. सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियनमध्ये तर अक्षरही साधे आणि उच्चारही साधा.

आता सोय. पोलिशमध्ये हा शब्द 'येंझिक' असा आहे आणि त्यातला अनुनासिक स्वर दाखवण्यासाठी रोमन अक्षराच्या पायाशी एक छोटी शेपटी काढतात, जिला पोलिशमध्येही शेपटीच, म्हणजे 'ओगोनेक', म्हणतात. जगभरच्या विद्यार्थ्यांना हा स्वर छळतो. मराठी माणसाला तो आधीच येतो. 'मांस', 'हंस', 'संशय' हे शब्द आपण म्हणतो तेव्हा अनुस्वाराच्या जागी 'न' किंवा 'म' न येता नाकातला एक पुसट 'व' येतो. 'येंझिक'मध्ये 'झ'च्या आधी नेमका तोच ध्वनी आहे. उलट 'पंच' किंवा 'गंगा' म्हणताना आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप बदलतो, आणि पोलिश शेपटीवाला स्वरही तेच करतो. मांसाला पोलिशमध्ये 'म्येंसो' म्हणतात आणि पाचाला 'प्येंच'. 'म्येंसो' आणि 'मांस' हे मुळातले नातलगच आहेत, आणि 'प्येंच' ज्या जुन्या रूपावरून आला त्याचे संस्कृतातले रूप 'पंक्ति', म्हणजे आपली 'पंगत'. पोलिश व्याकरणाच्या पुस्तकात या स्वराची पाने-पाने सूत्रे असतात. मराठी वाचकाने ती चाळावीत आणि सरळ 'मांस' म्हणून दाखवावे.

इतर भाषांनी हा अनुनासिक स्वर टाकला आणि त्याच्या जागी जे आले त्यावरून भाषा ओळखता येते. सुरुवात 'एझिक' अशी असेल तर भाषा बल्गेरियन. 'येझिक' असेल तर स्लोव्हेनियन किंवा सर्बियन-क्रोएशियन पट्टा. 'याझिक' असेल तर चेक, स्लोव्हाक, मॅसेडोनियन, युक्रेनियन, बेलारूसी यांपैकी एखादी. रशियनमध्येही लिहायचे 'या'नेच, पण आघात दुसऱ्या अक्षरावर असल्याने पहिला स्वर मिटतो आणि कानाला 'यिझिक' असे ऐकू येते. रशियन लिपीत या आरंभासाठी उलट्या रोमन 'आर'सारखे अक्षर आहे. जुन्या लिपीत अनुनासिक स्वरासाठी जे चिन्ह होते, त्याचेच ते पुढे घडलेले रूप.

तिसरी पायरी : एक चूल की दोन

रशियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन, या सर्व भाषांत एकच शब्द जीभ आणि भाषा असे दोन्ही अर्थ वाहतो. संदर्भ अर्थ ठरवतो, पण भाषांतराच्या अ‍ॅपला संदर्भ नेहमीच कळतो असे नाही. उपाहारगृहाच्या पाटीवर 'यिझिक गव्याझी' असे लिहिलेले असेल तर ती गोमांसाच्या दुकानातली जीभ आहे, गाईची भाषा नव्हे. पोलिश माणसाने ताटातल्या जिभेपुरता हा घोळ मिटवला आहे. जनावराच्या जिभेला तिथे 'ओझूर' किंवा 'ओझोरेक' असा वेगळा शब्द आहे.

युक्रेनियन आणि बेलारूसीमध्ये मात्र 'याझिक' म्हणजे तोंडातली जीभ, आणि भाषेला 'मोवा'. ज्याने आधी रशियन शिकले आहे त्याची इथे हमखास फसगत होते. कीव्हमध्ये एखाद्याला "तुमचा याझिक मला आवडतो" असे म्हटले तर ऐकणारा समजून घेईल, पण तुम्ही रशियनच्या साच्यातून बोलत आहात हेही त्याला त्याच क्षणी कळेल. त्या देशाच्या इतिहासात ही बारीकसारीक बाब नाही. झार दुसरा अलेक्झांडर याने १८७६ मध्ये एका हुकुमाने युक्रेनियन भाषेतल्या छपाईवर कडक बंधने घातली होती, आणि आपल्या भाषेला काय म्हणायचे हा प्रश्न तिथे तेव्हापासून नुसत्या शब्दकोशाचा राहिलेला नाही. म्हणून माझा आग्रह असा, की युक्रेनियनचा एकही धडा वाचला नसला तरी 'मोवा' एवढा शब्द पाठ असावा.

तिसरी वाट सोर्बियन लोकांची. जर्मनीच्या पूर्व भागात, बाउत्झेन आणि कॉटबस या शहरांच्या परिसरात राहणाऱ्या या छोट्या समाजाच्या दोन भाषा आहेत. दोन्हींत जीभ 'याझिक' किंवा 'येझिक' आहे, पण भाषेला वरच्या सोर्बियनमध्ये 'रेच' आणि खालच्या सोर्बियनमध्ये 'रेत्स' म्हणतात.

मराठीची घडण या बाबतीत युक्रेनियनसारखी आहे. आपणही जीभ आणि भाषा वेगळ्या ठेवतो, आणि 'बोली', 'मायबोली' हे शब्द जसे 'बोलणे' या क्रियापदातून आले, तसाच 'मोवा'ही बोलण्याच्याच शब्दातून आला आहे. रशियनमध्ये त्याच शब्दाचे 'मल्वा' झाले आणि अर्थ आवई, वदंता असा उरला. पोलिशमध्ये 'मोवा' म्हणजे बोलणे, भाषण. चेकमध्ये 'म्लुवित' म्हणजे बोलणे आणि 'म्लुव्नित्से' म्हणजे चक्क व्याकरण.

चौथी पायरी : फसवे शेजारी

कागदावरचे उरलेले रकाने आता भरायचे आहेत. सोर्बियनमध्ये भाषा असलेला 'रेच' हा शब्द घेऊन इतर भाषांत फिरावे. चेकमध्ये तो 'र्झेच' होतो आणि बोलणे, भाषण, कधीकधी भाषा असे अर्थ देतो. रशियनमध्ये तो भाषण किंवा वाणी. सर्बियनमध्ये 'रेच' म्हणजे शब्द, आणि क्रोएशियनमध्ये त्याचेच 'रियेच'. स्लोव्हेनियनमध्ये 'रेच' म्हणजे वस्तू. पोलिशमध्ये 'झेच' म्हणजेही वस्तू, बाब. पोलंडच्या अधिकृत नावात येणारा 'झेच्पोस्पोलिता' हा शब्द 'सर्वांची सामाईक बाब' या अर्थाने बनला आहे.

बोलण्यावरून वस्तूकडे झालेला हा प्रवास पाहून बिचकण्याचे कारण नाही, कारण मराठीतली 'गोष्ट' त्याच वाटेने गेली आहे. संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे सभा, संभाषण. मराठीत आजी सांगते तीही गोष्ट आणि 'एक गोष्ट लक्षात ठेव' म्हणतो तीही गोष्ट. पोलिश 'झेच' शिकताना समोर 'गोष्ट' लिहून ठेवली की तो शब्द पुन्हा विसरत नाही.

'स्लोवो' हा शब्दही असाच जपून वापरावा. रशियन, पोलिश आणि चेकमध्ये तो शब्द या अर्थाचा आहे. सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये 'स्लोवो' म्हणजे अक्षर. स्लोव्हेनियनमध्ये 'स्लोवो' म्हणजे निरोप, आणि शब्दाला तिथे 'बेसेदा' म्हणतात, जो रशियनमध्ये गप्पा किंवा संभाषण या अर्थाने येतो. बल्गेरियन माणूस शब्दाला 'दूमा' म्हणतो. रशियात 'दूमा' म्हणजे विचार, आणि तिथल्या संसदेच्या एका सभागृहाचे नावही तेच. 'स्लोवो'चा संस्कृतातला जोडीदार 'श्रवस्', म्हणजे कीर्ती, ऐकू येणारे नाव.

पाचवी पायरी : लिंग, वचन आणि 'मी ही भाषा बोलतो'

आपली जीभ स्त्रीलिंगी, भाषाही स्त्रीलिंगी. स्लाव्हिक 'याझिक' मात्र सगळीकडे पुल्लिंगी आहे, त्यामुळे विशेषण पुल्लिंगी लागते : रशियनमध्ये 'रूस्की यिझिक', पोलिशमध्ये 'येंझिक पोल्स्की', चेकमध्ये 'चेस्की याझिक'. 'मोवा' आणि 'रेच' स्त्रीलिंगी असल्याने युक्रेनियनमध्ये 'उक्रायीन्स्का मोवा' असे होते. अनेकवचनात, स्लोव्हेनियन वगळता, दक्षिणेकडच्या भाषांत 'क'चा 'त्स' होतो : सर्बियन 'येझित्सि', बल्गेरियन 'एझित्सि', मॅसेडोनियन 'याझित्सि'. इतरत्र 'क' टिकून राहतो.

वाक्यात उतरताना मात्र हा शब्द बहुधा गळतोच. 'मी रशियन बोलतो' याला रशियनमध्ये 'या गवर्यू पा-रूस्कि', म्हणजे शब्दशः 'रशियन रीतीने बोलतो', असे म्हणतात. पोलिश 'मूव्ये पो पोल्स्कु' आणि चेक 'म्लुवीम चेस्कि' यांची ठेवण तीच. युक्रेनियन माणूस तृतीया विभक्तीसारखे रूप वापरतो, 'उक्रायीन्स्कोयु', म्हणजे 'युक्रेनियनने' बोलतो, आणि 'मोवा' मनातच ठेवतो. मराठीविषयी सांगायचे झाले तर रशियनमध्ये हे रीतिवाचक रूप बनत नाही. तिथे 'या गवर्यू ना मराठी' असे म्हणावे, किंवा नाव पूर्ण द्यायचे असेल तर 'यिझिक मराठी'. चेक लोकांनी मराठीला आपला प्रत्यय जोडून 'माराथ्श्तिना' असे घरचे नाव दिले आहे, आणि ते त्यांच्या स्वतःच्या 'चेश्तिना'प्रमाणे स्त्रीलिंगी आहे.

अर्ज भरताना मातृभाषेचा रकाना हमखास लागतो, म्हणून ती रूपे इथेच टिपावीत. सर्बियन 'मातेर्न्यि येझिक', बल्गेरियन 'मायचिन एझिक' आणि चेक 'मातेर्स्की याझिक' यांत आई स्पष्ट दिसते. रशियन 'रद्नोय यिझिक' आणि युक्रेनियन 'रिद्ना मोवा' म्हणजे रक्ताच्या नात्याची, जन्माची भाषा. पोलिश अर्जावर मात्र 'येंझिक ओय्चिस्ति' असे छापलेले असते आणि त्यात बाप आहे, पितृभूमीची भाषा. रकाना तोच, आपल्या मायबोलीचे नाव निःशंकपणे लिहावे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिथे पोलिश शाळाही चालत होत्या, तेव्हा हा 'येंझिक ओय्चिस्ति' पंचगंगेच्या काठीही शिकवला गेला आहे.

एक सूचना नावांविषयी. युगोस्लाव्हिया १९९१ पासून फुटत गेला, तेव्हा पूर्वी सर्बो-क्रोएशियन म्हणून शिकवल्या जाणाऱ्या भाषेची क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन अशी वेगळी नावे रूढ झाली, आणि २००७ च्या संविधानाने माँटेनेग्रिनलाही अधिकृत स्थान मिळाले. समोरचा माणूस कोणते नाव वापरतो ते आधी ऐकावे आणि तेच वापरावे. तिथले लोकही अवघड प्रसंगी 'नाश येझिक', म्हणजे आपली भाषा, एवढेच म्हणून वेळ निभावतात.

सहावी पायरी : रशियन शब्दाच्या आणखी खोल्या

जे रशियन पुढे नेणार आहेत त्यांच्यासाठी तीन गोष्टी. जुन्या धार्मिक भाषेत 'यिझिक' म्हणजे लोक, राष्ट्र, आणि विशेषतः परधर्मी लोक. म्हणून मूर्तिपूजकाला आजही 'यिझिच्निक' म्हणतात, आणि नेपोलियनच्या १८१२ च्या स्वारीला 'बारा जिभांची स्वारी' असे म्हणण्याची जी पद्धत आहे, तिथे जिभा म्हणजे राष्ट्रे.

दुसरी गोष्ट युद्धभूमीवरची. शत्रूचा सैनिक माहिती काढण्यासाठी जिवंत पकडून आणला तर त्यालाही 'यिझिक' म्हणतात. गंमत व्याकरणात आहे. 'भाषा येणे' यात कर्म निर्जीव असल्याने रूप 'यिझिक' असेच राहते, पण 'जीभ पकडून आणणे' यात कर्म जिवंत माणूस असल्याने ते 'यिझिका' होते. मराठीत आपण 'पुस्तक पाहिले' म्हणतो पण 'रामाला पाहिले' म्हणतो, त्याच जातीचा हा भेद आहे.

तिसरी गोष्ट आघाताची. 'यिझिकवोय' असे शेवटावर जोर देऊन म्हटले तर भाषाविषयक. 'यिझिकोवी' असे मध्यावर जोर देऊन म्हटले तर जिभेच्या मांसाचा. भाषिक नियमांऐवजी जिभेच्या सॉसेजवर व्याख्यान द्यायचे नसेल तर हा जोर सांभाळावा.

सातवी पायरी : म्हणी

इथे मराठी माणूस पाहुणा राहत नाही. रशियन म्हणतो 'जीभ दातांमागे ठेव', आणि पोलिश, चेकही तेच म्हणतात. पोलिश माणसाला तोंडावर आलेले बोल ऐन वेळी गिळायचे असले की 'जिभेला चावा घ्यावा' लागतो. आपणही जीभ चावतो. वाट विचारत जावे या अर्थाने रशियन आणि युक्रेनियन दोघेही म्हणतात की जीभ तुला कीव्हपर्यंत पोचवेल, आणि इथे युक्रेनियनमध्येही शब्द 'याझिक'च येतो, 'मोवा' नाही, कारण वाट विचारते ती तोंडातली जीभ.

पहिली म्हण म्हणून मात्र बल्गेरियन निवडावी : 'एझिकत कोस्ति न्यामा, नो कोस्ति त्रोशि'. 'एझिकत'मधला शेवटचा 'त' हा बल्गेरियनचा निश्चयवाचक प्रत्यय, 'कोस्ति' म्हणजे हाडे, 'न्यामा' म्हणजे नाही, 'नो' म्हणजे पण, 'त्रोशि' म्हणजे मोडते. जिभेला हाड नसते, पण ती हाडे मोडते. अर्ध्याहून जास्त वाक्य आपल्याला घरूनच येते. उरलेले 'त्रोशि' तेवढे पाठ करायचे, आणि 'झि'वर आले की 'माझा'मधला 'झ' लावायचा.